एक जूनची माणसं

निखत दुपारी झोपली की मला पन्नासेक मिनिटं मिळतात. तेवढ्यात दाराला आतून कडी घालायची, लॅपटॉप उघडायचा, पंखा दोनवर ठेवायचा. तीनवर ठेवला की खटखट वाजतो आणि ती उठते. कडी घालावीच लागते. अकरा महिन्यांची ही बाई जागी झाली की रडत नाही, आवाजही करत नाही. सरळ उंबऱ्याकडं रांगत सुटते, आणि आमच्या उंबऱ्यापासून रस्ता चार पावलांवर आहे.

हे मी त्याच पन्नास मिनिटांत, तुकड्यातुकड्यानं लिहितेय. मधे कुठं तुटलं असेल तर ती उठली असं समजा.

नळदुर्ग सोडून उमरग्याकडं निघालं की जळकोटच्या पुढं एक फाटा लागतो. फाट्यावर दोन ढाबे आणि एक पंक्चरचं दुकान. पंक्चरवाला म्हणजे माझा नवरा, मुजम्मिल. त्याला टायरवाला म्हटलं की बरं वाटतं. फाट्यापासून आत एक किलोमीटरवर आमचं गाव. मी उमरग्याला शिकले, तीन वर्षं पुण्यात नोकरी केली, आणि आता घरी बसून लोकांच्या वेबसाइटी करून देते.

फेब्रुवारीत कल्याणप्पा गुरुजी आले. वय त्र्याऐंशी, पण सायकल अजून सोडलेली नाही.

"मिनाज, तुला पाढे कुणी शिकवले?"

"तुम्ही, गुरुजी."

"मग फी काढ आता. एक काम कर माझं."

काम असं होतं. गुरुजींनी अडतीस वर्षांत ज्यांना शिकवलं, त्यांची एक वेबसाइट करायची. प्रत्येकाला वाढदिवसाला फोनवर गुरुजींच्या नावानं शुभेच्छा जायला हव्यात. बस्स. त्यासाठी त्यांनी दोन जाड वह्या आणल्या होत्या, स्वतःच्या अक्षरात उतरवलेल्या. चारशे बारा नावं. नाव, गाव, जन्मतारीख, मोबाइल आणि शेवटी शेरा.

"शेऱ्यात काय लिहायचं, गुरुजी? एकाही नावापुढं काही नाही."

"राहू दे की मोकळा. शेऱ्याशिवाय रजिस्टर असतंय का?"

मी वही चाळली आणि हसूच आलं. चारशे बारांपैकी दोनशे एकाहत्तर माणसांची तारीख एकच होती. एक जून.

"शाळा जूनमधी उघडायची," गुरुजी म्हणाले. ते जराही ओशाळले नाहीत. "पोराचा हात डोक्यावरनं पलीकडच्या कानाला लागला की झालं सहा वर्षांचं. बाप म्हणायचा, सुगीत झालंय. चुलता म्हणायचा, न्हाय, म्हस व्यायली त्या आठवड्यात. मी काय लिहू? मीबी एक जूनचाच. सरकारनं मला एकतीस मेला घरी धाडलं."

"आणि मी?"

"तू तर माझ्या शेवटच्या वर्गातली. तुलाबी मीच जन्माला घातलं."

हे ते गमतीनं म्हणाले, आणि मग चटकन वह्यांकडं वळले. माझी गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या सकाळी माझे अब्बा, दादामियाँ, ट्रक घेऊन लोहाऱ्याकडच्या गावांत जखमी आणायला गेले होते. तिथं एका बाईनं मला त्यांच्या केबिनमध्ये दिलं. अब्बा-अम्मीला मूल नव्हतं. दुसऱ्या दिवशी अब्बा परत गेले, तेव्हा त्या जागी चिता जळत होत्या. पोलिसांत सांगून झालं, कॅम्पांमधून फिरून झालं, कुणी विचारत आलं नाही. सहा वर्षांनी अब्बांनी मला शाळेत नेलं आणि गुरुजींनी लिहिलं, एक जून एकोणीसशे त्र्याण्णव.

माझी खरी तारीख एकाच माणसाला माहीत होती. ती बाई गेली असं सगळे धरून चालले. मीही.

लहानपणी त्याचं काही वाटलं नाही. निखत झाली तेव्हा वाटलं. दवाखान्यात तिच्या पायाला चिकटपट्टी लावली, त्यावर तारीख, वेळ, वजन. मी ती पट्टी अजून जपून ठेवली आहे. माझ्या पायाला अशी पट्टी नव्हती, पण मलाही कुणीतरी पहिल्यांदा हातात घेतलं असेलच की. कुठल्या दिवशी?

तर वेबसाइट.

तारखा साठवणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. पहिल्याच चाचणीत सगळी एक जूनची माणसं एकतीस मेची झाली. त्यात गूढ काही नव्हतं. आपला सर्व्हर साहेबाच्या घड्याळावर चालतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. इथली एक जूनची मध्यरात्र म्हणजे तिथली एकतीस मेची संध्याकाळ. नवशिके हमखास इथं आपटतात. तारखेला वेळ चिकटवायचीच नाही, नुसती तारीख म्हणून साठवायची, की झालं. मी तसं केलं, पुन्हा नावं भरली आणि दुसऱ्या दिवशी यादी उघडली.

बब्रुवान तात्यांची तारीख नऊ ऑगस्ट एकोणीसशे एकोणसाठ दिसत होती.

वहीत एक जून एकोणसाठ. मी पाठवलेली तारीखही तीच. सर्व्हर काय आलं आणि काय गेलं याची नोंद ठेवतो, तीही तपासली. आत जाताना एक जून. साठवल्यावर नऊ ऑगस्ट. घड्याळाच्या चुकीनं तारीख एक दिवस सरकते, सव्वादोन महिने नाही. मी ती हातानं एक जून केली. जतन केली. पान पुन्हा उघडलं. नऊ ऑगस्ट.

अशा आणखी होत्या. एकाची सतरा नोव्हेंबर. एकीची चार मार्च, तीही वहीतल्या सालाच्या आदल्या सालातली. काहींची मात्र एक जून जशीच्या तशी.

बब्रुवान तात्यांचा फाट्यावर ढाबा आहे. त्यांची थोरली बहीण दगडाबाई दिवसभर तिथं भाकरी थापते. मुजम्मिलचा डबा द्यायला गेले, तेव्हा सहज विचारल्यासारखं केलं.

"आक्का, तात्यांचा जन्म कधीचा हो?"

"शाळंत एक जून हाय."

"ते नाही. खरा."

दगडाबाईंनी भाकरी उलटली. "खरा कशाला पायजे तुला? लगीन लावतीस का त्याचं?" तात्या गल्ल्यावरून ओरडले, "लाव म्हणावं, मी तयार हाय!" दगडाबाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. "पंचमीचा हाय त्यो. आमी लिंबाला झोका बांधलाता. आई दोन झोके घेऊन उतरली, म्हणली पोटात दुखतंय. आमी म्हणलो, झोक्यानं दुखत आसंल."

घरी येऊन मी फोनवर जुनं पंचांग शोधलं. एकोणीसशे एकोणसाठची नागपंचमी नऊ ऑगस्टला होती.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मला इतकी उत्सुकता वाटली की त्या दिवशी निखतचा वरणभात करपला. मग कुणीही सगळ्यात आधी जे केलं असतं, तेच मी केलं. माझं नाव अजून भरलं नव्हतं. ते भरलं, गुरुजींनी दिलेली तारीख घातली, जतन केलं, डोळे मिटले. उघडले.

एक जून एकोणीसशे त्र्याण्णव.

पान पुन्हा उघडलं. पाच वेळा, दहा वेळा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. दोनशे एकाहत्तर माणसांतल्या एकशे सत्याहत्तर जणांना त्यांच्या तारखा मिळाल्या. मला नाही. मी चक्क रुसले. कुणावर ते माहीत नाही.

ज्यांच्या बदलल्या नव्हत्या, त्यांत आमच्या गिरणीवाल्या चन्नबसप्पांचं नाव होतं. त्यांची आई शांतम्मा नव्वदीच्या पुढची, गिरणीमागच्या खोलीत खाटेवर असायची. निखतला कडेवर घेऊन मी दळण न्यायला गेले आणि तिच्यापाशी बसले.

"आज्जी, तुमच्या लेकाची जन्मतारीख आठवते का?"

"तारीक गिरीक म्हायती न्हाय बगा. येळवशीचा हाय त्यो." कानडी वळणाची तिची मराठी मला फार गोड वाटायची. "शेतात कडब्याची कोपी घातली व्हती. पूजा झाली, आंबिल पिली, उठाया गेली तर उठनंच व्हईना. आंबिलीच्या गाडग्याजवळच झाला त्यो." ती बोळक्यानं हसली आणि निखतचा पाय धरून बघितला. "ही कवा झाली?"

"अकरा ऑक्टोबरला, आज्जी."

"तुला म्हायती हाय नव्हं? मग झालं."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. साल एकोणीसशे बासष्ट. पंचांगात सव्वीस डिसेंबर. शांतम्माला पक्कं आठवत होतं, पण यादीत चन्नबसप्पा अजून एक जूनचेच होते. मी त्यांची तारीख मुद्दाम बदलली नाही. मला बघायचं होतं.

सतरा जुलैला, गुरुवारी सकाळी, शांतम्मा गेली.

दुपारी निखत झोपल्यावर लॅपटॉप उघडला. चन्नबसप्पा, सव्वीस डिसेंबर एकोणीसशे बासष्ट. प्रत्येक ओळीत शेवटचा बदल कधी झाला याची वेळ आपोआप उमटते. सकाळचे पाच बावन्न. बदल कुणी केला हा रकाना रिकामा.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. चन्नबसप्पा भिंतीला टेकून बसले होते. विचारायचं नव्हतं, पण तेच सांगू लागले. "सहाला धाएक मिंटं कमी आसतील बग. पानी मागितली. मी तांब्या भरस्तवर..."

घरी आले आणि न बदललेल्या नावांची यादी काढली. एकेकाला फोन लावत गेले. वेबसाइटसाठी माहिती हवीय, असं म्हणायचे.

"आई आहेत का तुमच्या?"

"हाय की. देऊ का? आई, ए आई, पोरीचा फोन हाय!"

"आहेत ना, पुण्याला भावाकडं."

"हाय हाय, चांगली ठणठणीत हाय. मलाच शिव्या देतीया."

एकोणीस फोन झाले. एकोणीसही जणांच्या आया जिवंत होत्या. मग बदललेल्यांना लावले. सात फोनांत एकही आई जिवंत निघाली नाही, पुढं मला लावता आले नाहीत.

मी माझ्या ओळीवर आले. एक जून एकोणीसशे त्र्याण्णव.

निखत झोपेत चोखत होती, तोंडात काही नसताना. मी बराच वेळ तिच्याकडंच बघत बसले. पंखा दोनवर होता.

गुरुजींना सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? त्यांनी सगळं ऐकलं, मधे एकदाही हसले नाहीत.

"तुझी बदलली न्हाय?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "मग न बदलू दे, बाळ."

त्या रविवारी अब्बांकडं गेले. अब्बा आता ट्रक चालवत नाहीत, गुडघे गेलेत. अंगणात बाजेवर बसून निखतला ते ट्रकचे गिअर शिकवत होते. माझ्या विषयावर त्यांना बोलतं करणं सोपं नसतं, पण त्या दिवशी ते बोलले.

"ती बाई दिसायला कशी होती, अब्बा?"

"क्या बताऊँ? मूं पूरा धुळीनं पांढरा. नुसते डोळे दिसत होते. तेरे कू सीट पर रखी. तुझी मूठ सोडवली साडीतून." अब्बांनी गुडघा चोळला. "दोन दात आले होते तेरे कू. शाळेत लिहिलंय तशी चार महिन्यांची न्हवतीस तू, मोठी होतीस."

"काही बोलली?"

"एकच बोल बोली. 'येते.'"

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मैं समझा, येते म्हणतीये तर येईल. घंटाभर गाडी थांबवली. पीछे लोकं रडत होते, चल चल म्हणत होते. मग निघालो." अब्बांनी माझ्याकडं न बघता निखतचा हात गिअरवरून, म्हणजे त्यांच्या काठीवरून, काढला. "बाद में तेरी अम्मी बोली, अजी, मराठी बायका जातानाबी 'येते'च म्हणतात. 'जाते' कोन म्हणतंय? बत्तीस साल हो गए. अभी भी समझा नहीं, ती येणार होती की जाणार होती."

आतून अम्मीचा, चाँदबीचा, आवाज आला. "क्यों रुला रे बच्ची कू? चाय लेव!"

त्यानंतर दुपारच्या माझ्या पन्नास मिनिटांतलं पहिलं मिनिट ठरलेलं असायचं. कडी घालायची, लॅपटॉप उघडायचा, माझी ओळ बघायची. एक जून. छातीतली हवा सोडायची. मग काम.

ज्या तारखेसाठी मी रुसून बसले होते, ती येऊ नये म्हणून आता बघायचे. कुठंतरी एक बाई होती. साठीतली असेल, पंचाहत्तरीची असेल. कुणाच्या घरात, कुठल्या आश्रमात, कुठल्या देवळाच्या पायरीवर? तिला स्वतःचं नाव तरी आठवत असेल का? पण माझा दिवस तिला आठवत असणार. मी मुजम्मिलला सोलापूरच्या दोन आश्रमांत पाठवलं. उमरग्याच्या जुन्या दवाखान्यांत मीच विचारून आले. लोक विचारायचे, नाव काय बाईंचं? माझ्याकडं नाव नव्हतं. माझ्याकडं फक्त एक चुकीची तारीख होती, आणि ती चुकीची होती तोवर ती बाई होती.

कधीकधी ओळीवर बोट ठेवून मी हळूच म्हणायचे, "आहेस ना?" म्हणजे स्क्रीनवरच. काचेवर ठसे उमटायचे.

नऊ सप्टेंबर, मंगळवार.

पावणेदोनला बघितलं होतं. एक जून. दोनला निखत उठली. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून तिला घेतलं, भिंतीला टेकून पाजायला बसले. बाहेर ऊन होतं. गिरणी चालू होती. ती पिताना माझ्या ओढणीचा काठ मुठीत धरते, तसा धरला होता. मध्येच तिनं मूठ सोडली. झोपली असेल म्हणून मी बघितलं. जागी होती.

तिला खाली ठेवून लॅपटॉप बंद करायला गेले.

मिनाज. तीन फेब्रुवारी एकोणीसशे त्र्याण्णव.

शेवटचा बदल, दुपारी दोन सतरा.

मला एकच सुचलं. अम्मी.

निखतला उचललं, कडी काढली आणि अनवाणी धावत सुटले. दोन गल्ल्या. फरशी तापलेली होती. अम्मीचं दार उघडंच होतं.

अम्मी अंगणात सुपात ज्वारी घेऊन बसली होती.

"क्या हुआ गे? इत्ता क्यों धावलीस? बच्ची कू कुछ हुआ?"

"तू ठीक आहेस?"

"मेरे कू क्या होना है? बैठ. पानी पी."

मी बसले. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती एका हातानं खडे वेचत राहिली आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तिला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? तिचे हात गरम होते, ज्वारीचा वास येत होता आणि मी रडत होते. ज्या बाईसाठी रडत होते, तिचं तोंडही मी बघितलेलं नव्हतं.

संध्याकाळ होता होता घरी आले. लॅपटॉप तसाच उघडा होता. ओळ तशीच होती. या वेळी मी शेवटपर्यंत वाचली.

बाकी सगळ्या माणसांच्या पुढं शेऱ्याचा रकाना मोकळा आहे. गुरुजींनी काही लिहिलेलं नाही, मीही नाही. बदललेल्या तारखांपुढंसुद्धा तिथं कधी काही उमटलं नव्हतं.

माझ्यापुढं एक शब्द होता.

येते.

मी तो खोडला नाही. गुरुजींना दाखवला नाही, अब्बांना सांगितलं नाही. त्यांनी बत्तीस वर्षं या शब्दाचा अर्थ लावला आहे, मी आत्ता कुठं लावायला लागलेय.

आज दुपारी निखत झोपली. पंखा दोनवर ठेवला, लॅपटॉप उघडला, हे पुढचं लिहायला बसले. लिहिता लिहिता लक्षात आलं, मी कडी घातलेली नाही.

उठून घालणार होते. नाही घातली.